विराम अवस्था (भौतिकी)

विराम अवस्था : ठरवून घेतलेल्या संदर्भाच्या तुलनेत एखाद्या वस्तूचे स्थान काही काळ बदलत नसेल, तर त्या काळात ती वस्तू त्या संदर्भापुरती विराम अवस्थेत आहे, असे म्हणतात. या व्याख्येत ‘संदर्भाच्या तुलनेत’ आणि ‘काही काळ’ हे दोन शब्दसमूह महत्त्वाचे आहेत. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा यांपैकी एक नजरेआड झाल्यामुळेच होतो.

एकक काळात होणारे विस्थापन (ठरावीक दिशेने झालेला स्थानबदल) म्हणजे वेग. ही सदिश राशी आहे, म्हणजे तिला दिशाही असते. दिशा वगळून उरते ती चाल. वेग ज्या दराने बदलतो तो दर म्हणजे त्वरण, आणि त्याचे एकक मीटर प्रति सेकंद वर्ग (मी/से²). चाल तीच राहून नुसती दिशा बदलली तरी त्वरण असतेच. घाटात एसटी एकाच चालीने वळण घेते तेव्हाही उभे प्रवासी बाहेरच्या बाजूला कलतात, ते यामुळेच.

मराठीपुरती एक अडचण येथेच सांगायला हवी. ‘स्थिर वस्तू’ म्हणजे न हलणारी वस्तू, पण ‘स्थिर वेग’ म्हणजे न बदलणारा वेग. ताशी ६० किमी स्थिर वेगाने धावणारी गाडी स्थिर नसते! एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परीक्षेत कितीतरी मुलांना चकवतात. म्हणून या नोंदीत पहिल्या अर्थी ‘विराम’ आणि दुसऱ्या अर्थी ‘एकसमान’ हे शब्द वापरले आहेत.

क्षणिक शून्य वेग : विरामाची खरी कसोटी उंच फेकलेल्या चेंडूपाशी लागते. समजा, चेंडू सरळ वर १९.६ मी/से वेगाने फेकला आणि हवेचा विरोध सोडून दिला. गुरुत्वत्वरण सुमारे ९.८ मी/से² असल्याने दोन सेकंदांनी, १९.६ मीटर उंचीवर, त्याचा वेग शून्य होतो. त्या क्षणी त्वरण किती, असे विचारले की ‘शून्य’ हे उत्तर हमखास येते. ते चूक आहे. त्वरणही शून्य असते, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. माथ्यावर पोचण्याआधी एक दशांश सेकंद चेंडू ०.९८ मी/से वेगाने वर जात असतो आणि नंतर एक दशांश सेकंदाने तेवढ्याच वेगाने खाली येत असतो. म्हणजे वेगातला बदल त्या क्षणीही त्याच दराने चालू असतो. या ०.२ सेकंदांत चेंडू जेमतेम ५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात हलतो, म्हणून डोळ्याला तो थबकल्यासारखा वाटतो. त्याचा वेग शून्य होतो, पण क्षणभरच. त्याला विराम अवस्था म्हणता येत नाही. विरामासाठी वेग शून्य असून भागत नाही, तो शून्यच राहावा लागतो, म्हणजेच त्वरणही शून्य हवे. झोपाळ्याचेही तसेच : टोकाला वेग शून्य, पण माघारी खेचणारे त्वरण तिथेच सर्वांत जास्त.

याच चेंडूवरून आणखी एक गैरसमज दूर होतो. वरची दिशा धन मानली तर चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळी त्वरण ऋण ९.८ आहे, तरी चढताना चाल घटते आणि उतरताना वाढते. तेव्हा ‘ऋण त्वरण म्हणजे मंदन’ हे सरसकट खरे नाही. त्वरण वेगाच्या विरुद्ध दिशेला असेल तरच चाल कमी होते.

संदर्भाचा प्रश्न : दादरला थांबलेल्या लोकलमधून शेजारची लोकल सरकताना दिसली की आपलीच गाडी निघाली असे वाटते, मग फलाटाच्या खांबाकडे पाहून खात्री करावी लागते. आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या सुमारास हाच अनुभव नावेच्या दृष्टांतातून मांडला : पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात, तसे अचल तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. गॅलिलिओ यांनी १६३२ मध्ये दाखवले, की संथ, एकसमान वेगाने जाणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत कोणताही प्रयोग केला तरी जहाज उभे आहे की चालते आहे हे कळणार नाही. न्यूटन यांच्या पहिल्या नियमात (१६८७) विराम आणि सरळ रेषेतील एकसमान गती एकाच पंक्तीला बसतात, कारण दोन्हींत निव्वळ बल शून्य असते.

त्वरणाचे मात्र तसे नाही. ते बंद खोलीतही उघडे पडते. मुंबईत खुर्चीवर शांत बसलेला माणूस पृथ्वीच्या परिवलनामुळे सुमारे ४४० मी/से चालीने फिरत असतो, आणि पृथ्वी सूर्याभोवती सुमारे ३० किमी/से चालीने जात असते. यांतले काही जाणवत नाही, कारण परिवलनाचे त्वरण जेमतेम ०.०३ मी/से² आहे. तरीही १८५१ मध्ये फुको यांनी पॅरिसमध्ये लांब तारेला लंबक टांगला आणि त्याच्या आंदोलनाचे प्रतल (तो ज्या उभ्या पातळीत झुलतो ती) हळूहळू वळताना लोकांना दाखवले. पृथ्वीचे फिरणे आकाशाकडे न पाहता, छताखाली उभे राहून दिसले.

भूस्थिर उपग्रह : विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवरचा हा उपग्रह गच्चीवरच्या डिशच्या दृष्टीने जागचा हलत नाही, म्हणून डिश एकदा नीट रोखली की पुन्हा वळवावी लागत नाही. ताऱ्यांच्या संदर्भात मात्र तो ३.०७ किमी/से चालीने धावत असतो आणि पृथ्वीच्या केंद्राच्या दिशेने त्याला अखंड ०.२२ मी/से² त्वरण असते.