वडीचं अळू आणि भाजीचं अळू

मंडईत अळू मागितलं की भाजीवाल्या मावशी आधी विचारतात, "वडीचं देऊ का भाजीचं?" नव्याने संसार मांडलेली मंडळी इथे गोंधळतात. दोन्हीची पानं बदामी आकाराची, दोन्हींवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो, आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात दोघांचं नावही बहुधा एकच सापडतं, कोलोकेशिया एस्क्युलेंटा. स्वयंपाकघरात मात्र एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

ओळखायचं असेल तर पान किती मोठं आहे ते बघू नका, देठ बघा. वडीच्या अळूचा देठ काळपट-जांभळा असतो. तो रंग देठावरून वर चढतो आणि पानाच्या मागच्या शिरांमध्येही उतरतो. पान गडद हिरवं, हाताला जाडसर, थोडं चिवट लागतं. भाजीच्या अळूचा देठ फिकट हिरवा, लांब आणि रसरशीत, बोटांनी दाबला की पाणी सुटेल असा. पान पोपटी आणि पातळ. बाजारात ती विकायची रीतही वेगळी आहे. वडीची पानं एकावर एक रचून, देठ आखूड ठेवून विकतात. भाजीचं अळू लांब देठांसकट जुडी बांधून येतं, कारण त्याचे देठही भाजीत जातात. काही भागांत हिरव्या देठाच्या पानांच्याही वड्या करतात, तेव्हा आपल्या गावची जात कोणती हे गावातल्याच जाणत्या बाईला विचारावं.

एका श्रावणात मी परसातल्या भाजीच्या अळूच्या वड्या केल्या होत्या. पानं छान तळहाताएवढी होती, म्हणून मोह झाला. पीठ लावताना ती बोटाखाली फाटायला लागली. वाफवल्यावर उंड्याला पाणी सुटलं आणि सुरी लावताच थर एकमेकांपासून सुटले. वडीला जे पान लागतं ते पिठाचा भार पेलणारं, वाफेत शिजूनही अंग धरून राहणारं. भाजीचं पान शिजून विरघळण्यासाठीच आहे. उलट, वडीची पानं भाजीत घातली तर ती पटकन मिळून येत नाहीत, भाजी काळपट दिसते आणि तो लोण्यासारखा घोटीवपणा येत नाही.

खाज दोन्हींना असते, कमी-जास्त प्रमाणात. अळूच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांचे जुडगे असतात. ते जिभेला, घशाला आणि चिरताना हातालाही टोचतात. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे पानं नुसती धुऊन किंवा भिजवून काही होत नाही. अळू पूर्ण शिजवायचं आणि सोबत आंबट घालायचं, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. म्हणून वडीच्या पिठात चिंचेचा कोळ असतो आणि भाजीत चिंच, आमसूल नाहीतर आंबट चुका. चिरण्याआधी हाताला तेल चोळावं. जून पानं जास्त खाजरी असतात, तेव्हा कोवळी निवडावीत. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी अळू बेतानेच खावं, आणि चुक्यातही ऑक्झलेट भरपूर असतं हेही ध्यानात ठेवावं. बंगल्यांच्या दारात शोभेसाठी लावतात ते हत्तीच्या कानाएवढ्या पानांचं झाड अळूसारखं दिसलं तरी खाण्याचं नाही. तोंड आणि घसा सुजू शकतो.

भाजीच्या अळूचं खरं रूप म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं फदफदं. पळीने वाढलं की पानात थोडं पसरणारं, गरम भातावर घ्यायचं. त्याची तयारी आदल्या रात्री सुरू होते, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भिजत घालून. सकाळी देठांचं साल काढायचं. देठाच्या टोकाला सुरीने हलकं धरून ओढलं की पातळ पापुद्रा दोऱ्यासारखा खालपर्यंत सोलून येतो. सोललेले देठ आणि पानं चिरून, जमल्यास मूठभर चुका घालून, डाळ-दाण्यांबरोबर कुकरला लावायची. मी डाळ-दाणे वेगळ्या भांड्यात ठेवते, म्हणजे अळू रवीने मनसोक्त घोटता येतं आणि दाणे अख्खे राहतात. घोटताना चमचा-दोन चमचे बेसन लावायचं, त्याने पाणी आणि पाला वेगळे होत नाहीत. मग मोहरी, हिंग, हळद, मेथीदाण्यांची फोडणी, खोबऱ्याचे काप, मुळ्याच्या चकत्या, चिंच, गूळ, गोडा मसाला. कोकणात ओले काजूगर मिळाले तर ते. चिंच घातल्यावर भाजी निदान दहा मिनिटं रटरट उकळू द्या. ती घाईने उतरवली की नेमकी त्याच दिवशी घसा खाजतो. ऋषिपंचमीच्या भाजीतही हेच अळू, देठांसकट.

वडीचं सांगण्यासारखं थोडंच. पान उलटं ठेवायचं, मागच्या जाड शिरा लाटण्याने दाबायच्या, सर्वांत मोठं पान तळाला. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, चिंच-गूळ, तिखट, तीळ असं घट्टसर पीठ शिरांच्या बाजूने लावायचं. पुढचं पान ठेवताना टोकाची दिशा बदलायची. चार-पाच पानांची घट्ट गुंडाळी करून वीसेक मिनिटं वाफवायची. गोव्याकडची आणि कारवारकडची कोंकणी घरं याच पानांना बेसनाऐवजी भिजवलेल्या तांदळाचं वाटण लावून पत्रोडे करतात. तेही करून बघण्यासारखं आहे.

पावसाळ्यात दोन्ही अळू एकदम माजतात आणि इतक्या पानांचं करायचं काय हा प्रश्न येतो. साठवणीत वडीचं अळू सरस. वाफवलेले उंडे पूर्ण गार करून, न कापता, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवले तर तीन-चार दिवस उत्तम राहतात. फ्रीजरमध्ये महिनाभर चव टिकते. काढल्यावर अर्धवट वितळेपर्यंत थांबायचं, मग कापायचं. पूर्ण मऊ झाल्यावर कापलं तर कडा चुरतात. कच्ची पानं गोठवू नयेत, ती काळी आणि लिबलिबीत होतात. भाजीचं अळू कच्चं ठेवलं तर दोन दिवसांत देठ मऊ पडतात. म्हणून ते शिजवून, घोटून, चिंच-गूळ न घालता एका वेळेला लागेल एवढे डबे भरून गोठवावं. फोडणी, आंबट आणि मसाला काढल्यावर घालून पुन्हा नीट उकळलं की ताज्यासारखं लागतं. हे माझ्या घरी गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरतं.

लावताना दोघांना शेजार देऊ नका. दोन्हींना ओल आणि थोडी सावली आवडते, दोन्ही बाजूला पिलं सोडतात, आणि वर्षभरात वाफा एकमेकांत मिसळून जातो. माझ्या आईने भाजीचं अळू मोरीच्या पाण्यावर लावलं होतं आणि वडीचं विहिरीच्या कडेला. कुंडीत लावायचं तर वडीचं लावा. पसरट कुंडीत दोन कंद पुरे, मधली दोन-तीन पानं राखून बाहेरची तोडत गेलं की महिन्यातून एकदा वड्यांपुरती पानं निघतात. पाणी कमी पडलं की पानं सुकून झाड जमिनीखाली जातं. तेव्हा बघायला देठच उरत नाही आणि मातीतले कंद मला तरी एकसारखेच दिसतात. त्यामुळे पानं हिरवी आहेत तोवरच कुंडीवर खडूने नाही, रंगाने लिहून ठेवा.