लॅपटॉप बंद, डोकं चालूच

वर्क-लाइफ बॅलन्सचा विषय निघाला की सगळे आधी तास मोजायला लागतात. मोजायलाच पाहिजेत म्हणा, कारण जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका साधारण ३५ टक्के जास्त असतो, आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के. पण ज्याचे तास अगदी व्यवस्थित आहेत, सातच्या आत घरात येतो, तोसुद्धा जेवताना ताटाकडे न बघता भिंतीकडे बघत असतो, बायकोने विचारलं आमटीत मीठ बरोबर आहे का तर "हो हो" म्हणतो आणि आमटीला अजून हातच लावलेला नसतो. त्याचं काय?

याची सुरुवात शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये सापडते. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने लोकांना छोटी छोटी कामं दिली, कोडी सोडवा, मणी ओवा, मातीची आकृती बनवा वगैरे, आणि त्यातली निम्मी मुद्दाम मध्येच थांबवली. नंतर विचारलं काय काय केलं, तर अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जवळपास दुपटीने जास्त आठवली. १९२७ मध्ये हे छापून आलं आणि पुढे इतकं गाजलं की आज कुठलाही मोटिव्हेशनल स्पीकर ते सांगतो. गंमत अशी की नंतर बऱ्याच जणांनी हा प्रयोग परत करून बघितला आणि आठवणीचा तो फरक काही धड टिकला नाही. टिकलं ते तिच्याच ग्रुपमधल्या मारिया ओव्हसियांकिनाचं निरीक्षण, की अर्धवट काम समोर राहिलं आणि माणसाला मोकळं सोडलं तर कुणी न सांगता, काही बक्षीस नसताना तो परत त्याच कामाकडे वळतो. ऑफिस सुटल्यावर आपलं तेच होतं फक्त काम समोर नसतं, म्हणून ते डोक्यातल्या डोक्यात चालू राहतं.

आणि हे नुसतं "विचार येतात" एवढ्यावर थांबत नाही. ब्रॉसशॉट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलं की ताणाचं कारण संपलं तरी त्याच गोष्टीचा रवंथ चालू राहिला तर शरीरही त्या ताणातून बाहेर येत नाही, हृदयाचे ठोके, रक्तदाब, कॉर्टिसोल (ताणात वाढणारं हार्मोन) हे सगळं ड्यूटीवरच राहतं. म्हणजे मीटिंग तासाभराची आणि शरीराने भोगली ती रात्री अकरापर्यंत. झाबीना झोनेनटाग या जर्मन संशोधक यावर कित्येक वर्षं काम करतायत, कामापासून मनाने सुटणं हाच त्यांचा विषय, आणि त्यांनी दाखवून दिलेली सगळ्यात वैतागवाणी गोष्ट म्हणजे ज्या दिवशी ताण जास्त, विश्रांतीची गरज जास्त, त्याच दिवशी हे सुटणं सगळ्यात अवघड जातं. त्यामुळे "अरे घरी आल्यावर ऑफिस विसरायचं" हा सल्ला माझ्या मते शुद्ध टाइमपास आहे. विसर म्हणून कोण विसरतं!

मग करायचं काय? इथे २०११ चा मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांचा प्रयोग कामाचा आहे. डोक्यात अपूर्ण कामं घोळत असलेल्यांना वाचायला दिलं तर त्यांचं लक्ष सारखं उडत होतं, पण ज्यांनी ते काम कधी, कुठे, कसं करायचं हे आधी ठरवून ठेवलं होतं त्यांचं नाही. काम झालेलं नव्हतंच, फक्त प्लॅन होता! मेंदूला तेवढं पुरतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ जणांना झोपण्याआधी ५ मिनिटं लिहायला लावलं, काहींनी पुढची कामं लिहिली, काहींनी झालेली, तर पुढची लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली, आणि जितकं तपशिलात लिहिलं तितकी लवकर. ५७ म्हणजे काही फार नाहीत हे मान्य, पण दिशा तीच आहे. तेव्हा निघताना "रिपोर्ट पूर्ण करणे" असं मोघम लिहून उपयोग नाही, "उद्या आल्या आल्या तिसऱ्या शीटची टोटल, आधी मार्चची बिलं ताडून बघायची" असं लिहायचं.

पूर्वी मधला प्रवासही थोडं काम करायचा. विरार फास्टमध्ये टाळ वाजवत भजन म्हणणारे किंवा मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्ते कुटणारे ग्रुप, त्यांना कुणी संशोधन वाचून दाखवलं नव्हतं, पण ऑफिसातला माणूस घरातला होईपर्यंत मध्ये तासभर तिसरंच काहीतरी चालू असायचं. (लोकलच्या गर्दीचं कौतुक करतोय असं समजू नका.) वर्क फ्रॉम होममध्ये ते अंतर बेडरूम ते किचन एवढं राहिलं.

अर्थात हे सगळं "घरी आलं की सुटका" असं धरून चाललंय, आणि ते बहुतेक पुरुषांनाच लागू पडतं. भारत सरकारच्या २०१९ च्या टाइम यूज सर्व्हेनुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ९७. म्हणजे तिच्या डोक्यात एक्सेल शीटच्या जागी संपत आलेला गॅस आणि मुलाचा प्रोजेक्ट येतो, अर्धवट कामांची यादी तशीच, फक्त बॉस बदलला. तिला डायरी लिहायला सांगण्यापेक्षा त्या यादीतली चार कामं दुसऱ्या कुणीतरी पूर्णपणे आपल्या डोक्यावर घेणं जास्त शास्त्रीय ठरेल.

आणि एक गोष्ट कितीही डायऱ्या लिहिल्या तरी सुटत नाही. विल्यम बेकर आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं की रात्री ईमेल येईल, बघावा लागेल, ही नुसती अपेक्षासुद्धा पुरेशी असते, ईमेल आलाच पाहिजे असं नाही, आणि त्याचा त्रास घरच्या जोडीदारालाही होतो. कामाच्या वेळेनंतर ऑफिसच्या ईमेल-फोनपासून दूर राहायचा हक्क देणारा कायदा फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे, आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी लोकसभेत तसंच खासगी विधेयक मांडलं होतं. कायद्याचं काय व्हायचं ते होईल, पण रात्री साडेदहाला ग्रुपवर "उद्या बघितलं तरी चालेल" असं लिहिणाऱ्या साहेबांनी तो मेसेज उद्याच टाकावा, ईमेलला तर शेड्यूल सेंडचं बटणसुद्धा असतं.