हवा आत की बाहेर: असेंबल्ड पीसी आणि पंख्यांच्या निवडीमागची पार्श्वभूमी

नवा पीसी जुळवताना प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डावर आठवडेच्या आठवडे खल चालतो. पंख्यांचा विषय निघतो तो बजेटचा तळ दिसायला लागल्यावर. मग कुणीतरी ठरलेलं उत्तर देतं: पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. उत्तर चूक नाही. पण ते 1995 साली ठरलेल्या ‘एटीएक्स’ या मदरबोर्डाच्या आकारातून आलं आहे, आणि तो आकार बदलण्याचा इंटेलचा जो मोठा प्रयत्न झाला (त्याचं नाव बीटीएक्स) तो दोन-तीन वर्षांतच गुंडाळला गेला. आज कॅबिनेटमध्ये जे चाललंय त्याचा उलगडा त्या फसलेल्या प्रयत्नाकडे पाहिल्यावरच होतो, म्हणून या टिपणात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

त्याआधीचं थोडक्यात. 1981च्या मूळ पीसीत प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्‌झवर चालायचा, त्याच्या डोक्यावर साधा हीटसिंकही (उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) नव्हता. पंखा एकच, 63.5 वॉटच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात. 1984च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये तर तोही नव्हता. आवाज नको म्हणून तो मुद्दाम टाळला होता. पुढचा 386 प्रोसेसरही उघडाच राहिला. 486च्या वेगवान मॉडेलांवर हीटसिंक बसू लागला. 1993च्या 66 मेगाहर्ट्‌झच्या पेंटियमने जास्तीत जास्त 16 वॉट उष्णता टाकायला सुरुवात केली, तेव्हा प्रोसेसरवर छोटा पंखा हवाच असं झालं. सोळा वॉट! आज साध्या नेटवर्क कार्डालाही लोक हीटसिंक चिकटवतात, पण त्या वेळी हा आकडा डोळ्यांवर येणारा होता.

एटीएक्स आलं ते या सोळा वॉटच्या हिशेबाने. त्याआधीच्या एटी बोर्डांवर प्रोसेसर पुढच्या बाजूला, लांब कार्डांच्या वाटेत यायचा आणि त्यावर उंच हीटसिंक बसवला की कार्ड बसेना. एटीएक्सने प्रोसेसर मागे वर, एसएमपीएसच्या कुशीत नेला. यामागे बचतीचा विचार होता. एसएमपीएसमधला पंखा मागून बाहेरची हवा आत ओढेल आणि थेट प्रोसेसरवर सोडेल, म्हणजे अख्ख्या पीसीला एका पंख्यात भागेल. शिवाय कॅबिनेटच्या आत हवेचा दाब किंचित जास्त राहिला की फटींमधून धूळ शिरणार नाही. कागदावर चोख. प्रत्यक्षात एसएमपीएसमधून तापून निघालेली हवाच प्रोसेसरला मिळायची. लवकरच उत्पादकांनी पंखा उलटा लावला, पुढच्या आवृत्त्यांमध्ये मानकानेही आग्रह सोडला, आणि एसएमपीएस गरम हवा बाहेर फेकणारा झाला. म्हणजे प्रोसेसरची जागा ज्या कारणासाठी निवडली ते कारणच गेलं. जागा मात्र तीच राहिली.

नव्वदीच्या उरलेल्या वर्षांत याने फारसं बिघडलं नाही. 80 मिलिमीटरचा एक पंखा मागे, नसला तरी चालेल, असा तो काळ. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास जे कॅबिनेट मिळायचे, त्यांचं तोंड प्लास्टिकने बंद असायचं आणि हवेला खालच्या बाजूला बोटभर फट. कुणाची तक्रार नव्हती.

खरी घाई झाली 2000 ते 2004मध्ये. मेगाहर्ट्‌झच्या शर्यतीत इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर तापू लागले. एएमडीच्या ॲथलॉनसाठी 60 मिलिमीटरचे, मिनिटाला सात हजारांच्या आसपास फेरे घेणारे पंखे आले. तसा पीसी ज्यांनी घरात ठेवला त्यांना त्या आवाजाबद्दल वेगळं सांगायला नको. 2001मध्ये एका संकेतस्थळाने चालू प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून चित्रफीत केली. इंटेलचा पेंटियम 4 मंदावला पण तगला, ॲथलॉनमधून धूर निघाला. त्या चित्रफितीचा परिणाम आपल्याकडच्या दुकानांतही जाणवला. ‘एएमडी गरम होतं’ हे वाक्य त्यानंतर कितीतरी वर्षं काउंटरवर ऐकू यायचं, अगदी प्रतिस्पर्ध्याचा प्रोसेसर जास्त तापत असतानाही.

कारण 2004च्या फेब्रुवारीत 90 नॅनोमीटरचा नवा पेंटियम 4 आला. चिपमधल्या ट्रान्झिस्टरांचा आकार लहान केला की उष्णता घटते हा तोवरचा अनुभव त्याने खोटा पाडला. वरच्या मॉडेलांचा आकडा 115 वॉटवर गेला, पुढच्या वर्षीच्या दोन गाभ्यांच्या पेंटियम डीमध्ये 130वर. 1995च्या हिशेबाच्या सात-आठ पट उष्णता, आणि बोर्डाची मांडणी तीच.

पहिला उपाय ठिगळाचा होता. कॅबिनेटच्या बाजूच्या दारात बरोबर प्रोसेसरसमोर भोक आणि आतून प्लास्टिकचं नरसाळं, म्हणजे पंखा खोलीतली ताजी हवा थेट ओढेल. ज्यांनी त्या काळातले स्वस्त कॅबिनेट उघडलेत त्यांना हे नरसाळं आठवेल, आणि खोक्यावर छापलेलं ‘38 अंश’ही. तो आकडा शोभेचा नव्हता. खोलीत 35 अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याच्या तोंडाशी 38च्या वर तापमान जाऊ नये, म्हणजे कॅबिनेटने फक्त तीन अंशांची भर घालावी, अशी ती अट होती. विदर्भात मे महिन्यात बाहेर पारा 45कडे जातो, तेव्हा खोलीतले 35 ही चैन वाटते. हीटसिंक कितीही चांगला असो, आत येणाऱ्या हवेपेक्षा तो थंड होऊ शकत नाही. आणि खोली गार करायला वाळ्याचा कूलर लावला, तर दमट हवेबरोबर पात्यांवर ओलसर धुळीचा थर बसतो. तो फुंकून जात नाही, ब्रशने खरवडावा लागतो.

दुसरा उपाय मुळापासूनचा: बीटीएक्स. 2003च्या सप्टेंबरमध्ये त्याची घोषणा झाली, 2004च्या अखेरीस बोर्ड दिसू लागले. मांडणी अशी. प्रोसेसर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, हवेच्या तोंडाशीच. त्याच्यासमोर मोठा, सावकाश फिरणारा पंखा आणि भोवती बोगदा. हवा सरळ रेषेत प्रोसेसरवरून, मग चिपसेटवरून (बोर्डावरच्या भागांची देवाणघेवाण सांभाळणारी चिप), मग मेमरी आणि ग्राफिक कार्डाजवळून मागे बाहेर. बोर्ड एटीएक्सच्या आरशातल्या प्रतिमेसारखा, त्यामुळे कॅबिनेटचं दार दुसऱ्या बाजूला आणि ग्राफिक कार्डाची चिप वर तोंड करून. एटीएक्समध्ये कार्डाची चिप जमिनीकडे बघते आणि गरम हवा पाठीशी साचते, हे लक्षात घेतलं तर हा बदल किती मोलाचा होता ते कळेल. जड हीटसिंकने बोर्ड वाकू नये म्हणून खाली धातूची पट्टी दिली, म्हणजे वजन थेट कॅबिनेटवर. आठ-दहा लहान पंख्यांचा गोंधळ घालण्यापेक्षा एकाच मोठ्या पंख्याला नीट वाट करून द्यायची, हा विचार मला आजही एटीएक्सच्या सवयीपेक्षा सरस वाटतो.

मग तो पडला का? याची तीन उत्तरं दिली जातात आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिलं, जुन्या कॅबिनेटमध्ये बीटीएक्स बोर्ड बसत नव्हता. नवा बोर्ड म्हणजे नवा कॅबिनेट, नवा हीटसिंक. असेंबल्डचा सगळा धंदा तुकड्या-तुकड्यांनी अपग्रेड करण्यावर चालतो. दोन वर्षांपूर्वीचा कॅबिनेट टाकून द्या असं सांगणारं मानक त्या गिऱ्हाइकाला पटणं अवघडच होतं. दुसरं, एएमडीच्या ॲथलॉन 64मध्ये मेमरीचा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच होता, त्याला मेमरीचे स्लॉट अगदी जवळ हवे होते आणि बीटीएक्सच्या मांडणीत ते दूर पडत. ‘तुमचा प्रोसेसर तापतो म्हणून सगळ्या जगाने कॅबिनेट बदलायचे का?’ हा सवाल तेव्हा इंटरनेटवर हमखास विचारला जायचा, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

तिसरं उत्तर सगळ्यात निर्णायक. 2004च्या ऑक्टोबरमध्येच 4 गिगाहर्ट्‌झचा पेंटियम 4 रद्द झाला होता. ज्या आगीसाठी बंब मागवला ती आग मालकानेच विझवायला घेतली. 2006च्या जुलैमध्ये आलेले कोअर 2 ड्युओ 65 वॉटमध्ये त्याहून जास्त काम करू लागले. त्या सप्टेंबरमध्ये इंटेलने बीटीएक्सवरचं काम थांबवत असल्याचं सांगितलं. काही मोठ्या ब्रँडेड कंपन्यांनी तो आकार आपल्या कार्यालयीन मॉडेलांत पुढेही वापरला. म्हणून जुन्या ब्रँडेड पीसींच्या बाजारात अजूनही असा एखादा मिळतो, ज्याचं दार ‘चुकीच्या’ बाजूला उघडतं आणि ज्यात दुसरा बोर्ड काही केल्या बसत नाही.

बीटीएक्स हरलं हे खरं, पण त्याची सरळ रेषा एटीएक्सने मागच्या दाराने आत घेतली, हे सहसा सांगितलं जात नाही. बोर्डाकडे खाली फुंकणारे हीटसिंक मागे पडले आणि उष्णतावाहक नळ्यांचे मनोऱ्यासारखे उभे कूलर आले, ज्यांची हवा पुढून मागे, बोर्डाला समांतर जाते. 2005च्या आसपास काही कॅबिनेटांनी एसएमपीएस तळाशी नेला, म्हणजे गरम हवा बाहेर काढायचं काम अधिकृतपणे मागच्या 120 मिलिमीटरच्या पंख्याकडे आलं. पंख्यांची चार पिनांची जोडणीही त्याच तापलेल्या काळातली, 2004च्या नव्या सॉकेटबरोबर (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) आलेली. तीन पिनांत वेग फक्त कळायचा आणि कमी करायचा तर व्होल्टेज कापावं लागे. चौथ्या पिनेवरून साधारण 25 किलोहर्ट्‌झचा, कानाला न ऐकू येणारा आदेश जाऊ लागला. आज आपण बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बसून पंख्याचा आलेख ओढतो तो त्याच्याच जोरावर.

मोठ्या पंख्यांकडे झुकण्याचं गणित सोपं आहे. तोच पंखा दुप्पट वेगाने फिरवला तर हवा दुप्पट, दाब चौपट, वीज आठपट आणि आवाज सुमारे 15 डेसिबलने जास्त. त्यापेक्षा तीच हवा रुंद पंख्याने सावकाश ढकलावी. 80वरून 120 आणि मग 140 मिलिमीटर हा प्रवास यातूनच झाला. बेअरिंगकडे मात्र आपल्याकडे उशिरा लक्ष गेलं. स्वस्त स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल उन्हाळ्याने सुकतं, पंखा आडवा लावला असेल तर लवकरच घरघरतो. मागचं स्टिकर उचकटून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडणं हा त्यावरचा देशी उपाय. तो काही महिने चालतो.

2012मध्ये एका अमेरिकी कंपनीने एकाच मापाचे दोन पंखे दोन नावांनी विकायला काढले, एक ‘एअरफ्लो’चा म्हणजे जास्त हवेचा, दुसरा ‘स्टॅटिक प्रेशर’चा म्हणजे जास्त दाबाचा. तेव्हापासून ही दोन जातींची विभागणी वेदवाक्य झाली आहे. भौतिकशास्त्रात अशा जाती नाहीत. खोक्यावरचा हवेचा आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो, दाबाचा आकडा वाट पूर्ण बंद असतानाचा. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. प्रत्येक पंखा या दोन टोकांमध्ये कुठेतरी काम करतो आणि त्याच्यासमोर जाळी आहे, धुळीचा फिल्टर आहे की पाण्याच्या कूलरचा दाट रेडिएटर, यावर ती जागा ठरते. आपल्याकडे फिल्टर लावावाच लागतो आणि तो महिन्या-दोन महिन्यांत भरतो, तेव्हा ‘केवळ एअरफ्लोचा’ म्हणून घेतलेला पंखा पुढे लावून फारसं काही हाती लागत नाही. 2018मध्ये ऑस्ट्रियातल्या एका कंपनीने पात्याचं टोक आणि चौकट यांतलं अंतर अर्ध्या मिलिमीटरवर आणलेला 120चा पंखा काढला आणि तो दोन्हीकडे चांगला चालतो. दुकानातली भाषा मात्र बदललेली नाही.

त्याच सुमाराला, 2016 ते 2018मध्ये, कॅबिनेटच्या तोंडावर काच आली. दिव्यांचे पंखे दिसावेत म्हणून हवेची वाटच बंद केली; नव्वदीतल्या बोटभर फटीचा काळ पुन्हा आला, फक्त महागड्या किमतीत. दोन-तीन वर्षांनी जाळीचं तोंड परतलं, तरी काच गेली नाही.

आता उष्णतेचा क्रमच उलटला आहे. 1995मध्ये ग्राफिक कार्डाला पंखाच नसायचा. 2020च्या वरच्या कार्डाचा आकडा 350 वॉट, 2022चा 450, 2025चा 575. यातल्या नव्या रचनांमध्ये पंखा हवा कार्डाच्या आरपार वर सोडतो आणि एटीएक्समध्ये बरोबर तिथेच प्रोसेसरच्या कूलरचं तोंड आहे. त्यामुळे खालून ताजी हवा हवी झाली. पण तळाशी एसएमपीएस बसलेला, म्हणून काही कॅबिनेटांनी त्याला पुन्हा हलवून बोर्डाच्या मागच्या कप्प्यात टाकलं आणि मोकळ्या झालेल्या तळाला तीन पंखे दिले. असे कॅबिनेट बहुधा पंख्यांविना येतात, ते हिशेबात धरावं. खाली लावलेल्या पंख्याची आडव्या दांड्यांची बाजू काचेतून दिसते म्हणून उलट्या पात्यांचे पंखेही निघाले आहेत. ते घेताना चौकटीवरचा हवेचा बाण आधी पाहावा, कारण त्यांत हवा सुबक दिसणाऱ्या बाजूनेच बाहेर पडते.