कोचकडे यायचं म्हणजे नक्की काय?

आमच्या दारावर ‘वैयक्तिक कोचिंग’ अशी पाटी लागली, त्या आठवड्यात पहिला फोन आला तो आठवीच्या बॅचसाठी. सेमी इंग्लिश आहे का, गणित-सायन्स दोन्ही घेता का, आणि दोन भावंडं असतील तर फी किती कमी होईल. पाटी बदलावी असं मनात आलं, पण दुसरा शब्द सापडेना. ‘मार्गदर्शक’ म्हणावं तर आम्ही मार्ग दाखवत नाही. ‘समुपदेशक’ म्हणावं तर त्याचं शिक्षण वेगळं, आणि ते आमच्याकडे नाही. शेवटी पाटी तशीच ठेवली आणि हे पत्रक छापलं. पहिल्या भेटीआधी एकदा वाचून या, म्हणजे भेटीतला वेळ तुमच्या कामाला लागेल.

तसं पाहिलं तर त्या पालकांचं फारसं चुकलं नव्हतं. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे. तिथल्या घोडागाड्या इतक्या चांगल्या असत, की गाडीलाच गावाचं नाव पडलं. पुढे १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला गमतीने ‘कोच’ म्हणू लागले. मैदानावरचा कोच त्यानंतरचा. म्हणजे शिकवणीवाले पहिले, खेळवाले दुसरे आणि आम्ही तिसऱ्या पिढीतले.

या तिसऱ्या पिढीची सुरुवात टेनिसच्या कोर्टवर झाली. टिमोथी गॅल्वे हा अमेरिकेतला टेनिस शिक्षक. ‘मनगट घट्ट धर, गुडघे वाकव, नजर वर ठेव’ अशा सूचना जितक्या जास्त, तितका शिकणारा आखडतो, हे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या लक्षात आलं. मग त्याने सूचना कमी केल्या. चेंडूचा टप्पा पडला की ‘टप्पा’ म्हणायचं आणि रॅकेटला लागला की ‘फटका’ म्हणायचं, एवढंच सांगितलं. लक्ष चेंडूवर गेलं आणि हात आपोआप मोकळा झाला. ही कल्पना ऑफिसांत नेण्यात मोठा वाटा जॉन व्हिटमोर यांचा. हे गृहस्थ मुळात मोटार-रेसर, १९६५ची युरोपियन टूरिंग कार स्पर्धा जिंकलेले. त्यांच्यामुळे जगभर पसरलेली ‘ग्रो’ पद्धत साध्या मराठीत चार प्रश्नांची आहे: काय हवंय, आत्ता काय चाललंय, काय काय करून बघता येईल, आणि त्यातलं तुम्ही काय करणार.

प्रश्न एवढेच असतील तर ते घरीही विचारता येतील, असं तुम्हाला वाटेल. येतीलही. पण घरी विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. आईला वाटतं नोकरी सोडू नये, मित्राला वाटतं सोडावी, नवऱ्याला हप्त्यांची काळजी असते. कोच हा तुमच्या उत्तरात ज्याचा काहीच फायदा-तोटा नाही असा माणूस असतो. आमच्या मते आमच्या फीतला निम्मा भाग याचाच आहे.

एक भेट कशी होते ते दाखवतो. हे उदाहरण कुणा एकाचं नाही. तीन-चार जणांच्या गोष्टी मिसळून, ओळख लागणार नाही असं केलेलं आहे. एका कंपनीच्या अकाउंट्स विभागातल्या, चाळिशीच्या बाई. आल्या त्या “मला कॉन्फिडन्स वाढवायचाय” म्हणत.

“कॉन्फिडन्स वाढला हे कशावरून कळेल?”

“महिन्याच्या मीटिंगमध्ये मी बोलेन.”

“मागच्या मीटिंगला काय झालं?”

“नेहमीचंच. आकडे मी काढलेले, बोलले ते सेल्सवाले.”

“तुम्हाला काय सांगायचं होतं?”

“दोन पार्ट्यांची उधारी नव्वद दिवसांच्या वर गेलीय, त्यांचा माल थांबवा.”

“हे सांगायला आत्ता किती वेळ लागला?”

त्या हसल्या. पाच सेकंद लागले होते. म्हणजे बोलता येत नव्हतं असं नाही. कुणी विचारेल याची त्या वाट बघत होत्या, कारण मोठ्यांनी विचारल्याशिवाय बोलू नये हे लहानपणी अंगात मुरलेलं. उधारीचं मात्र असं आहे, की ती कुणी विचारेपर्यंत थांबत नाही. मग काय काय करता येईल ते त्यांनीच मांडलं: आदल्या दिवशी मेल करणं, विषयपत्रिकेत दोन मिनिटं मागून घेणं, सेल्सवाल्यांशी आधी बोलणं. त्यांनी निवडलं ते वेगळंच होतं. “जेव्हा साहेब उधारीचं पान उघडतील, तेव्हा पहिलं वाक्य माझं.” असं ‘जेव्हा-तेव्हा’मध्ये बांधलेलं ठरवणं नुसत्या संकल्पापेक्षा जास्त टिकतं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून दिसलेलं आहे. आमचा अनुभवही तसाच.

पुढच्या मीटिंगला त्या बोलल्या नाहीत. त्याच्या पुढच्याला बोलल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण माल थांबला. या सगळ्यात ‘डोळ्यांत डोळे घालून बोला’, ‘ताठ बसा’ असला एकही सल्ला आम्ही दिला नव्हता.

भाषेबद्दल थोडं, कारण इथे आमचे कान टवकारलेले असतात. ऑफिसच्या अडचणी लोक इंग्रजी शब्दांत घेऊन येतात: प्रोअॅक्टिव्ह व्हायचंय, टाइम मॅनेजमेंट करायचंय, लीडरशिप डेव्हलप करायचीय. आम्ही म्हणतो, हेच तुमच्या मावशीला सांगायचं असेल तर कसं सांगाल? तिथे क्षणभर थांबतात, आणि मग खरं बाहेर येतं. ‘प्रोअॅक्टिव्ह’चं होतं “साहेबांनी विचारायच्या आधी मी सांगायला हवं, पण मला ओरडा बसेल असं वाटतं.” आता यावर काम करता येतं.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. मराठीत जबाबदारी अंगाबाहेर ठेवायची सोय फार छान आहे. ‘राहून गेलं’, ‘जमत नाही’, ‘माझ्याकडून होत नाही’, ‘करायला पाहिजे’. व्यायाम करायला पाहिजे, पण कुणी, केव्हा, ते वाक्यात कुठेच नाही. अशा वेळी आम्ही तेच वाक्य ‘मी’ने सुरू करून पुन्हा म्हणायला सांगतो. ‘वाचन होत नाही’चं ‘मी रात्री वाचायच्या ऐवजी मोबाइल बघतो’ झालं, की निदान कुठे हात घालायचा ते कळतं. पण याचा अतिरेक आम्ही करत नाही. घरात आजारी माणूस आहे, रोज विरार-चर्चगेट आणि परत, त्यात मुलाची दहावी, अशा माणसाकडून काही ‘होत नसेल’ तर ते खरोखरच होत नसतं. तिथे ‘मी’ने वाक्य सुरू करायला लावणं हा दुष्टपणा ठरेल. काय कमी करता येईल, काय कुणाला सांगता येईल, हेच तिथलं काम.

किती दिवस लागतात?

‘२१ दिवसांत सवय’ हे तुम्ही ऐकलंच असेल. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला. रोज जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं, जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं अशा साध्या गोष्टी होत्या. नवी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, आणि माणसागणिक अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. एक दिवस बुडाला की पूर्ण बेतच सोडून देणाऱ्यांनी हे वाक्य फ्रीजवर चिकटवायला हरकत नाही.

म्हणून आमच्या सहा भेटी दर पंधरवड्याला एक अशा साधारण तीन महिन्यांत पसरलेल्या असतात. खरं काम दोन भेटींच्या मधल्या चौदा दिवसांत होतं. एका आठवड्यात सगळ्या भेटी उरकून द्या अशी विनंती येते, ती आम्ही मान्य करत नाही.

आमच्याकडे येऊ नये अशी कारणं

झोप उडाली आहे, भूक मेली आहे, दोन-दोन आठवडे कशातच जीव रमत नाही, घाबरून छाती धडधडते, दारू सुटत नाही, घरात मारहाण होते, यांतलं काही असेल तर कोच हा चुकीचा माणूस आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध तेच देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारून घ्या. कुठे जायचं ते सुचत नसेल तर केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि फुकट आहे. पहिल्या भेटीतच आम्हाला असं काही जाणवलं तर आम्ही तसं सांगतो. काही जणांना राग येतो. तो चालेल. डॉक्टरांचे उपचार चालू असताना कोचिंगही हवं असेल, तर त्यांना विचारून या.

‘नोकरी सोडू की नको, तेवढं सांगा’ असं विचारायला येणार असाल तरीही येऊ नका. ते आम्ही सांगणार नाही. धंद्याचा सल्ला, शेअर बाजार, पत्रिका, कोर्टाचं काम, या सगळ्याला आपापली माणसं आहेत.

कोच कसा पारखावा?

भारतात कोच होण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतो, आणि लावतातही. त्यामुळे आम्हालाही प्रश्न विचारा, संकोच करू नका. १९९५मध्ये सुरू झालेल्या ‘इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन’ची तीन पायऱ्यांची प्रमाणपत्रं या व्यवसायात मानली जातात. प्रशिक्षणाव्यतिरिक्त पहिल्या पायरीला प्रत्यक्ष कोचिंगचे किमान १०० तास लागतात, दुसरीला ५०० आणि तिसरीला २,५००. आम्ही दोघींपैकी एक दुसऱ्या पायरीवर आहे, एक पहिल्या. मात्र कागद भिंतीवर असला म्हणजे माणूस ऐकून घेणारा असतोच असं नाही. पहिल्या भेटीत कोण जास्त बोललं ते आठवून बघा. कोच जास्त बोलला असेल तर दुसरीकडे जा. ‘खात्रीने यश’ लिहून देणारा, तुमच्या आधी आलेल्या दहा जणांच्या गोष्टी नावानिशी सांगणारा, आणि आजच पूर्ण पैसे भरले तर निम्मी सूट देणारा, हे तिघेही टाळा.

फी कंपनी भरणार असेल तर

सुरुवातीला तुम्ही, तुमचे वरिष्ठ आणि आम्ही असे एकत्र बसतो. उद्दिष्ट काय ते तिघांसमोर ठरतं. त्यानंतर कंपनीला आमच्याकडून दोनच गोष्टी कळतात: भेटी झाल्या का, आणि ठरलेलं उद्दिष्ट बदललं का. तुम्ही साहेबांबद्दल काय म्हणालात ते या खोलीबाहेर जात नाही. एच.आर.ने चहा पाजून विचारलं तरी नाही. ही अट मान्य नसलेल्या कंपनीचं काम आम्ही घेत नाही, आणि अशी कामं सोडलेलीही आहेत.

स्वतःच्या पैशांनी येणाऱ्यांसाठीही गुप्ततेचा नियम तोच. अपवाद दोन. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, किंवा कायद्याने माहिती द्यावीच लागली. रेकॉर्डिंग होत नाही. आमची टिपणं हाताने लिहिलेली असतात. शेवटच्या भेटीला ती तुम्ही घेऊन जा किंवा तुमच्यासमोर फाडतो.

फी, वेळ वगैरे

ओळखीची पहिली अर्ध्या तासाची भेट मोफत. पुढे एका तासाच्या भेटीचे २,००० रुपये. सहा भेटी ठरवल्या तरी पैसे दोन-दोन भेटींचेच आगाऊ घेतो, म्हणजे मध्येच सोडावंसं वाटलं तर तुमचे पैसे अडकत नाहीत. आमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्यामुळे सध्या जीएसटी लागत नाही. पावती प्रत्येकाला मिळते. भेट रद्द करायची असेल तर एक दिवस आधी कळवा. ऐनवेळी आजारपण आलं तर गोष्ट वेगळी, त्याचे पैसे लावत नाही.

परगावच्यांसाठी व्हिडिओ कॉल आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी इथली सकाळी सातची वेळ राखलेली असते. तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की साडेआठ. घरचे सगळे त्याच खोलीत टीव्ही बघत असताना कॉल लावू नका. गाडीत बसून बोललात तरी चालेल, फक्त गाडी उभी असू द्या.

ऑफिस पुण्यात पेठेत असल्यामुळे गणपतीचे दहा दिवस प्रत्यक्ष भेटी बंद. कुणी पोचू शकत नाही, आणि ढोलांपुढे आम्हाला तुमचं ऐकूही येत नाही.

येताना एक वही आणा, अर्धी भरलेली चालेल. चारचाकी नदीपात्राजवळ किंवा जवळच्या सशुल्क पार्किंगमध्ये लावून चालत या. खालच्या दुकानासमोर लावू नका. काका स्वभावाने चांगले आहेत, पण गाडीच्या बाबतीत नाहीत.