कॅरव्हॅनमधलं पाण्याचं हीटिंग: सगळा खेळ लिक्विडचा

स्वीडन-नॉर्वेत लोक भर जानेवारीत कॅरव्हॅन, म्हणजे कारमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन स्कीइंगला जातात, बाहेर उणे 20 आणि आत टी-शर्टवर बसलेले. तिथल्या बऱ्याच गाड्यांत गरम हवा फेकणारा ब्लोअर नसतोच, पाण्याचं हीटिंग असतं, आल्डे या स्वीडिश कंपनीचं खूपदा दिसतं. पाणीच का, तर 1 लिटर पाणी एका डिग्रीने थंड होताना जेवढी उष्णता सोडतं तेवढी द्यायला हवा 3000 लिटरच्या वर लागते, त्यामुळे अंगठ्याएवढ्या पाइपातून अख्खी गाडी गरम होते आणि आवाज जवळपास शून्य. फक्त गरम व्हायला वेळ घेतं, थंडीत ते पूर्ण बंद करण्यापेक्षा कमीवर ठेवलेलं बरं.

बॉयलर म्हणजे आपला जुना बंबच, मधे जाळ आणि भोवती पाणी, पण पाण्याचे कप्पे दोन: आतल्यात हीटिंगचं लिक्विड, बाहेरच्यात आंघोळीचं साधारण 8 लिटर पाणी. जाळ गॅसचा, कॅम्पसाइटवर लाइट मिळाली तर 230 व्होल्टवर पण चालतं. गॅस मात्र प्रोपेनच हवा, कारण ब्युटेन शून्याच्या आसपास सिलेंडरमधून वर यायचाच थांबतो, प्रोपेन उणे 42 पर्यंत साथ देतो. मग 12 व्होल्टचा छोटा पंप लिक्विड भिंतीलगतच्या रेडिएटरमधून फिरवतो, थंड हवा खालून आत शिरते आणि गरम होऊन सोफ्यामागच्या फटीतून वर येते. त्या फटीत उशा, ब्लँकेटं कोंबली की बॉयलर कितीही जळू दे, पाय गारच.

आता मुद्द्याचं. हीटिंगच्या लिक्विडमध्ये पाण्याबरोबर ग्लायकॉल, म्हणजे पाणी सहज गोठू न देणारं रसायन, असतं. 40 टक्के ग्लायकॉल टाकलं की ते उणे 25 च्या आसपास गोठतं, 60 टक्क्यांना उणे 50 च्या जवळ, मग वाटतं शुद्धच ओतू की, पण शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे 13 लाच गोठतं! मिश्रणात दोघं एकमेकांचे स्फटिक जमू देत नाहीत, एकट्याला कोण अडवणार. शिवाय ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं आणि घट्टही असतं, पंपाला त्रास. म्हणून 40 ते 50 टक्केच.

दुसरं, लिक्विड फक्त गोठू नये म्हणून नसतं. रेडिएटर अॅल्युमिनियमचे, त्यांना गंजापासून वाचवणारी रसायनं त्यात असतात आणि ती हळूहळू संपतात, साधं लिक्विड 2 वर्षांनी आणि लाँग लाइफवालं 5 वर्षांनी बदलायचं ते यासाठी. रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबभर लिक्विडवरून गोठणबिंदू दाखवणारं छोटं यंत्र) गोठणबिंदू ओके दिसला म्हणून बरेच जण खूश होतात, पण गंजापासून वाचवणारी रसायनं उरलीत का हे ते यंत्र सांगतच नाही. आणि निळं-गुलाबी कुठलंही लिक्विड एकत्र ओतू नका, वेगवेगळ्या प्रकारांचा चिकट गाळ होऊन पंप अडकू शकतो. काढलेलं लिक्विड गोडसर पण विषारी, पोरं आणि कुत्री लांब ठेवा.

नवीन लिक्विड भरलं की पाइपात हवा अडकतेच. गुळगुळ आवाज, एखादा रेडिएटर गार. मग पुढचं चाक खाली-वर करून गाडी तिरकी करायची, पंप बंद ठेवून वरच्या टोकाचे स्क्रू सैल करून हवा काढायची, हीटिंगच्या लिक्विडच्या टाकीत लेव्हल बघून पुन्हा भरायचं, कंटाळवाणं काम आहे पण दुसरा उपाय नाही.

आंघोळीच्या पाण्यात मात्र ग्लायकॉल नसतं, गोठताना हे पाणी साधारण 9 टक्के फुगतं आणि टाकी, नळ फोडतं. गाडी थंडीत नुसती उभी राहणार असेल तर ते पूर्ण काढा, नळ उघडे ठेवा, हीटिंगचं लिक्विड आहे तसंच राहू द्या.