‘एमिशन झालंय’ म्हणजे ‘एफसी होईल’ असं नव्हे: इंजिन बदललेल्या गाडीची गोष्ट

आमच्या दाजींनी गडहिंग्लजहून एक जुनी जीप आणली. नंबर एमएच-०९, आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, इंधन पेट्रोल, आणि बॉनेट उघडलं तर आत डिझेल इंजिन. विकणारा म्हणाला, "कागद क्लिअर हैत, एमिशन पण हाय." दाजींनी तारीख बघितली, मुदत शिल्लक होती, पैसे दिले. ते एमिशन काढल्यानंतर इंजिन बदललेलं होतं, हे खूप उशिरा कळलं. पुढं गाडीला बेळगावचा केए-२२ नंबर घ्यायला गेले आणि अडकले.

घोटाळा शब्दांपासूनच सुरू होतो. धुराच्या तपासणीच्या ज्या दाखल्याला कोल्हापुरात पीयूसी म्हणतात त्याला आपल्याकडं बेळगाव भागात एमिशन म्हणतात. बोर्डावर कानडीत ‘वायु मालिन्य तपासणा केंद्र’ असतं, ते मराठी माणसालाही कळतं. एफसी म्हणजे फिटनेस. कायद्यानं तो मालवाहू गाडी, टॅक्सी, बस यांचा कागद. पण खासगी गाडीला १५ वर्षं झाली की आरसी नूतनीकरणासाठी जी तपासणी होते, तिलाही खानापूर-निपाणीकडं सगळे एफसीच म्हणतात. मीही इथं तसंच म्हणतो.

एमिशनवाल्याला फक्त धुराशी मतलब. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरात नळी घालून, इंजिन रिकामं चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलला गिअर न टाकता अॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात, असं काही वेळा करून धूर किती काळा ते मीटर सांगतं. इंजिन नंबर बघायला कुणी वाकत नाही. मात्र कुठली मर्यादा लावायची हे आरसीवरच्या इंधनावरून आणि बीएसच्या (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या सरकारी मानकांच्या) टप्प्यावरून ठरतं, आणि बदललेलं इंजिन नेमकं इथं अडखळतं. सन २००० च्या आधीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. बीएस-४ पेट्रोलला ०.३ टक्के, आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २००. म्हणजे बीएस-४ गाडीत भंगारातलं जुनं, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेलं इंजिन बसवलं तर ती नापास झालीच म्हणून समजा. उलट जुन्या गाडीत नवं, स्वच्छ इंजिन असेल तर ती हसत पास होते, आणि मालकाला वाटतं, झालं सगळं कायदेशीर! दाजींच्या जीपचं तिसरंच. आरसी म्हणते पेट्रोल, धूर डिझेलचा. मुदत संपल्यावर केंद्रावर नेली तर कुठलं मशीन लावायचं इथूनच प्रश्न.

एफसीला इन्स्पेक्टर ब्रेक, लाइट, टायर बघतो, पण त्याचा खरा डोळा नंबरांवर असतो. चेसिसवरची आणि इंजिन ब्लॉकवरची ग्रीस चिंधीनं पुसायची, पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची. आकडे कागदावर उमटतात, ते आरसीशी जुळवायचे. एक आकडा जरी वेगळा निघाला तर धूर कितीही स्वच्छ असो, काम थांबतं. इंजिन चोरीच्या गाडीतलं तर नाही ना, ही शंका तिथूनच येते.

म्हणून इंजिन बदलाची नोंद हे तिसरंच काम आहे, आणि ते दोन्हींच्या आधी व्हायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आधी आरटीओची परवानगी. परवानगीशिवाय बदल झालाच, तर १४ दिवसांत आपण राहतो तिथल्या आरटीओला कळवून आरसी द्यायची. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमतीही लागते. त्याच मॉडेलचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर प्रकरण सरळ, फक्त नंबर बदलतो. मॉडेल किंवा इंधनच वेगळं असेल तर अवघड, कारण आरसीवरचा तपशील कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होता कामा नये असं कलमच म्हणतं. सीएनजी-एलपीजीचं मान्यताप्राप्त किट याला अपवाद. मिस्त्रीनं जुळवलेलं डिझेल इंजिन नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर तोच शोधतो.

सीमेवरच्या माणसाला यात एक फाटा जास्त. दुसऱ्या राज्याची गाडी इकडं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून नवा नंबर घ्यावा लागतो, आणि तेव्हा गाडी समोर उभी करून नंबर बघतातच. एमिशन मात्र कोल्हापूरचं असो की बेळगावचं, २०२१ पासून देशभर एकाच नमुन्याचं आहे. ते सीमेवर अडत नाही. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना ते वर्षभर चालतं, त्याआधीच्यांना सहा महिने.

दाजींनी शेवटी डिझेल इंजिन उतरवलं आणि त्याच मॉडेलचं पेट्रोल इंजिन शोधलं. दुकानदारानं बिलावर नुसतं ‘जुनं इंजिन, १ नग’ लिहून दिलं. इंजिन नंबर आणि ते कुठल्या गाडीतलं हे लिहून घ्यायला दाजी दुसऱ्या दिवशी पुन्हा बेळगावला गेले, एसटीनं.