दोन थरांतला पीळ : चुंबकन उलटते कसे?

पुण्यात तपकीर गल्लीतून आणलेल्या एखाद्या जुन्या स्पीकरच्या चुंबकाला लोखंडी खिळा चिकटवला, तर तो खिळाही दुसरा खिळा उचलतो. चुंबक दूर करताच मात्र त्याचे हे बळ जवळजवळ ओसरते. ज्याचे चुंबकन, म्हणजे त्यात भरलेल्या चुंबकत्वाची दिशा आणि प्रमाण, उलटवायला मोठे विरोधी चुंबकीय क्षेत्र लागते ते द्रव्य चुंबकीयदृष्ट्या कठीण आणि जे अल्प क्षेत्रातही दिशा बदलते ते मृदू, असा भेद केला जातो. पण मृदू म्हणजे दुर्बळ असे मुळीच नाही. लोखंडाचे संपृक्त (म्हणजे जास्तीत जास्त) चुंबकन सुमारे २.१५ टेस्ला असते, तर विजेच्या दुचाकींच्या मोटारींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकाचे सुमारे १.६ टेस्ला. लोखंडात बळ अधिक आहे, उणीव आहे ती दिशा टिकवण्याची.

ही उणीव कठीण द्रव्याच्या शेजाराने, म्हणजे कठीण थराला मृदू थर जोडून, भरून काढता येईल, हे तत्त्व एकार्ट क्नेलर आणि राइनहार्ड हाविग या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडले. लोहचुंबकीय द्रव्यात शेजारशेजारच्या अणूंची चुंबकीय आघूर्णे (प्रत्येक अणू जणू एक चिमुकला चुंबक) विनिमय आंतरक्रिया नावाच्या अणूंमधील बंधनामुळे एकमेकांना समांतर राहू पाहतात, आणि दोन थरांचा सांधा निर्दोष असेल तर हे बंधन सांध्यापलीकडेही पोचते. मृदू थर काही नॅनोमीटरच जाड असेल, तर तो कठीण थराला पूर्ण बांधलेला राहतो आणि उलटायचे झाल्यास दोन्ही थर एकदमच उलटतात.

थर जाड झाला की खरी गंमत सुरू होते. समजा, कठीण थरावर लोखंडाचा २० नॅनोमीटरचा थर आहे, म्हणजे अणूंचे शंभरेक पदर. विरोधी क्षेत्र वाढवत नेले, तर सांध्यालगतचे पदर जागचे फारसे हलत नाहीत, त्यावरचे थोडे वळतात आणि सर्वांत दूरचे सर्वाधिक वळतात. एक टोक खुंटीला बांधून दुसरे पिळावे, तसा थरात पीळ भरतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. इथे क्षेत्र काढून घेताच पीळ आपोआप सुटतो आणि लोखंड मूळ दिशेला परतते. म्हणूनच अशा चुंबकांना विनिमय-स्प्रिंग चुंबक म्हणतात. पीळ सुरू होण्यास लागणारे क्षेत्र मृदू थराच्या जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, त्यामुळे जाडी दुप्पट केली की ते साधारण चौथाईवर येते. क्षेत्र आणखी वाढवले, तर पीळ सांध्याकडे दाबला जातो, अखेरीस कठीण थरात शिरतो आणि तो थरही उलटतो. त्यानंतर मात्र क्षेत्र काढले तरी काही परतत नाही. समॅरियम-कोबाल्ट आणि लोखंडाच्या पातळ थरांवर अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत १९९८ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत हे वर्तन स्पष्ट दिसले.

राल्फ स्कोम्स्की आणि मायकेल कोई यांनी १९९३ मध्ये केलेल्या गणितानुसार, अशा थरांत दर घनमीटरला सुमारे १००० किलोज्यूल ऊर्जा-गुणाकार (चुंबकाची ताकद सांगणारे माप) शक्य आहे. निओडिमियम चुंबकाची सैद्धांतिक मर्यादा याच्या जवळपास निम्मी आहे. मोटारीत बसवता येईल एवढ्या ठोकळ्यात हे साधलेले नाही, कारण त्यासाठी मृदू भाग सर्वत्र दहाएक नॅनोमीटरच्या आत ठेवून कठीण कणांचे अक्षही एका रांगेत आणावे लागतात, आणि ठोकळा घट्ट करण्यासाठी दिलेल्या उष्णतेने कण वाढतात.

हार्ड डिस्कमध्ये याच पिळाचा उपयोग उलट हेतूने होतो. तिथे माहिती वर्षानुवर्षे टिकावी म्हणून कण कठीण हवेत, पण माहिती लिहिणाऱ्या शीर्षाचे (हेडचे) क्षेत्र मर्यादित असते. त्यामुळे कठीण थरावर मृदू थर जोडण्याची कल्पना २००५ मध्ये पुढे आली : शीर्षाच्या क्षेत्राने आधी मृदू थर वळतो आणि त्याच्या पिळाच्या रेट्याने खालचा कठीण थर कमी क्षेत्रात उलटतो.